नाही म्हणण्याची मुभा

गुन्हा करून तुरुंगात जायचं असेल तर सरकार स्वतःच्या गाडीतून नेऊन सोडतं. गुन्हा न करता जायचं असेल तर मात्र अर्ज करावा लागतो. अर्जासोबत ओळखपत्राच्या प्रती, पोलीस पडताळणी, एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र, वरिष्ठ कार्यालयाची परवानगी. एवढं जमलं की फाटकावर मोबाइल आणि पर्स जमा करायची, झडती द्यायची, वहीत सही करायची आणि दिंडी दरवाजातून वाकून आत शिरायचं. मी हे हौसेनं करते, हे कळल्यावर नगरच्या आत्यानं एकदाच विचारलं होतं, "अगं, जगात आजारी माणसं कमी पडली का तुला? ज्यांनी कुणाचं वाटोळं केलं त्यांचा खोकला मोजत बसायचा तो?"

माझं शिक्षण सार्वजनिक आरोग्याचं, काम संशोधनाचं, घर ख्रिस्ती. नोकरीतून उरणाऱ्या वेळात मी एका तुरुंगात आरोग्याच्या पाहणीला मदत करते. पगार नाही, मानधन नाही. बंदी मला मॅडम म्हणतात, काही जण ताई म्हणतात. माझं नाव ऐकल्यावर एक-दोघं सरळ सिस्टर म्हणू लागले. त्यांना वाटलं मी नन आहे आणि पिशवीत येशूची पुस्तकं असणार. पिशवीत छापील प्रश्नावल्या होत्या.

आत्याचा प्रश्न मला चुकवता येत नाही, कारण त्याचं उत्तर तिनंच मला संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलं होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचा प्रसंग आहे. तिथं राजा माणसांना पारखतो ते सहा कामांवरून: भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस आणि तुरुंगातल्याची भेट. आम्ही मुलं ती बोटांवर मोजायचो. एका हाताची पाच बोटं संपायची आणि तुरुंगासाठी दुसरा हात काढावा लागायचा.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सेवेचा इतिहास पाहिला तर पहिल्या पाच कामांना भक्कम घरं मिळाली. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ मध्ये नगरला ठाणं मांडलं आणि पुढे शाळा, वसतिगृहं उभी राहिली. दुष्काळात पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात मुलींना आसरा दिला. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला गावातल्या, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या बायकांनाच आरोग्यसेविका बनवून दाखवलं. सहावं काम मात्र आमच्या मंडळीत नाताळापुरतं राहिलं. डिसेंबरात परवानगी काढायची, दोन-चार गीतं म्हणायची, केक वाटायचा, परत यायचं. केक वाईट नसतो. पण अकरा महिने आणि काही दिवस खोकणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

तुरुंगातल्या आजारांत चमत्कारिक असं काही नसतं. बाहेरचेच आजार आत गेले की त्यांना मोकळं रान मिळतं. बराकीत ठरलेल्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं शेजारी शेजारी पथाऱ्या टाकतात, संध्याकाळी कुलूप पडतं, आणि सकाळपर्यंत झरोक्यातून येईल तेवढीच हवा. क्षयाच्या जंतूला याहून अधिक काय हवं? जगभर तुरुंगांतलं क्षयाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा अनेक पटींनी जास्त आढळतं, ते याचमुळे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा नियम. तो पाळायला कुणीतरी खोकला किती दिवसांचा आहे हे विचारावं लागतं. आणि विचारून, तपासून, गोळ्या सुरू केल्या तरी खरी परीक्षा पुढेच असते. आपल्या देशात दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. सहा महिन्यांचं औषध चालू असताना तिसऱ्या महिन्यात जामीन मिळतो. माणूस आनंदानं घरी जातो आणि औषधाचा कागद मागे राहतो. गोळ्या तुटल्या की जंतू शहाणा होतो आणि साध्या औषधांना दाद देत नाही. म्हणून सुटकेच्या दिवशी त्याच्या हातात पुढच्या गोळ्या आणि त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राचं नाव असणं, हे आतल्या तपासणीइतकंच महत्त्वाचं आहे.

खरजेचं तसंच. एकाला मलम देऊन भागत नाही; अख्ख्या बराकीनं एकाच रात्री लावायचं, कपडे-चादरी धुऊन कडक उन्हात घालायच्या. ऊन फुकट असतं, पण दोरी बांधायला परवानगी लागते. मधुमेहाचं आणखी अवघड. रात्रीचं जेवण संध्याकाळीच उरकतं, मग सकाळपर्यंत लांबलचक उपास. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर रात्री दोन वाजता उतरली तर शेजाऱ्यानं हाका मारायच्या, शिपायानं ऐकायच्या, वरिष्ठाला उठवायचं, मग कुलूप उघडायचं. बाहेरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर पोलीस गार्ड हवा. निवडणूक असो, सण असो की बंदोबस्त, गार्ड आधी तिकडे जातो. कितीतरी केसपेपरांवर आजाराचं नाव नंतर येतं, आधी येतो शेरा: गार्ड उपलब्ध नाही. आदर्श कारागृह नियमावलीनं २०१६ मध्ये तीनशे कैद्यांमागे एक डॉक्टर असावा असं म्हटलं. पण गार्डवाचून त्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा फाटकापर्यंतच जाते.

हे सगळं मोजावं आणि मांडावं म्हणून संशोधन. इथवर माझ्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ सुरू झाला तो पहिल्या छापील कागदापाशी, संमतिपत्रापाशी. त्यावर लिहिलेलं असतं की सहभाग ऐच्छिक आहे, कधीही माघार घेता येईल, नकार दिल्यास कोणतंही नुकसान होणार नाही. बाहेरच्या दवाखान्यात लोक हे ऐकून मान डोलावतात. आत मी ते वाचून दाखवलं की समोरचा माणूस माझ्याकडे न बघता दाराजवळच्या शिपायाकडे बघायचा. "साहेब म्हणतील तसं," असं म्हणून अंगठा पुढे करायचा. त्याचा दिवस कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी रांगेत बसायचं या हुकमांनी भरलेला. त्यात माझी विनंती त्याला आणखी एक हुकूम वाटली तर चूक त्याची नव्हती.

आमच्या एथिक्स कमिटीत यावरून पुष्कळ वाद झाले. त्यांतला साबणाचा वाद मला फार शिकवून गेला. खरजेच्या पाहणीत भाग घेणाऱ्याला एक साबण द्यावा, असा साधा प्रस्ताव होता. बाहेर त्यात काही वावगं वाटलं नसतं. पण जिथं साबणाची वडी ही चलनासारखी फिरते, तिथं तिच्यासाठी माणूस आपल्या शरीराची कुठलीही गोष्ट सांगेल, खरी किंवा खोटी. शेवटी ठरलं ते असं की साबण बराकीतल्या सगळ्यांना आधी वाटायचा, पाहणी नंतर करायची, आणि भाग न घेणाऱ्याचा साबण परत मागायचा नाही. शिपायानं दिसेल इतक्या अंतरावर उभं राहायचं, ऐकू येईल इतक्या जवळ नाही. कुणी नकार दिला त्याची यादी कार्यालयाला द्यायची नाही.

पहिला नकार आला तो एका तरुण मुलाकडून. त्यानं कागद हातात घेतला, स्वतः वाचला आणि म्हणाला, "मला काही सांगायचं नाही." उठून चालू लागला. शिपाई सवयीनं त्याच्यामागे निघाला. मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ. नको म्हणालाय तो." त्या दिवशी तो रांगेत परत बसला नाही आणि त्याला कुणी काही बोललंही नाही. रांगेतली माणसं बघत होती. त्यानंतर उत्तरं बदलली. आधी सगळ्यांची झोप छान होती. आता कुणी म्हणू लागलं, चार महिने डोळा लागत नाही. एकानं थुंकीतून रक्त पडतं असं सांगितलं, आणि ते त्यानं तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण वेगळ्या खोलीत टाकतील ही भीती. नकार देता येतो हे डोळ्यांनी दिसल्यावरच त्यांच्या होकाराला किंमत आली. संशोधनाच्या पुस्तकांत मी हे वाचलं होतं. ते खरं आहे हे त्या मुलानं पटवलं.

बंद्यांच्या शरीरावर विज्ञान किती उभं आहे, हे तपासायला फार लांब जावं लागत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथं जे बंदी पुढे आले त्यांना लस टोचली, इतरांना टोचली नाही, आणि दोन्ही गटांतले आजारी मोजले. लस घेतलेल्यांत आजार कमी दिसला. पुढे हजारोंचे प्राण वाचवणाऱ्या औषधाचा हा सुरुवातीचा पुरावा. हाफकिन प्रामाणिक होते, धाडसी होते. स्वतःवर प्रयोग केल्याशिवाय दुसऱ्याला सुई लावली नाही त्यांनी. तरी मी त्या पुढे आलेल्या माणसांचा विचार करते. भिंतीबाहेर प्लेग, भिंतीआत प्लेग, समोर साहेब आणि सुई. त्या क्षणी पुढे येणं कितपत त्यांचं होतं? परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं. त्या बंद्यांची आठवण कुणी काढत नाही.

पुढे हा प्रश्न इतका सौम्य राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात बंद्यांना मुद्दाम मलेरिया देऊन औषधं तपासली गेली. न्यूरेंबर्गला नाझी डॉक्टरांवर खटला चालला तेव्हा त्यांच्या वकिलांनी याच स्टेटव्हिलकडे बोट दाखवलं. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेनं स्वेच्छेची संमती हा पहिला नियम केला. तरी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन कंपन्यांची रसायनं बंद्यांच्या पाठीवर तपासत राहिले. बदल्यात थोडे पैसे मिळायचे, आणि तुरुंगात पैसे मिळवण्याचा तोच बरा मार्ग होता. साबणाच्या वडीवरून आम्ही इतका वेळ का घालवला, हे तिथं कळतं. आज आपल्याकडच्या आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना बंद्यांना संशोधनातला असुरक्षित गट मानतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत बंद्याला बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी असं म्हटलंय. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करायची नाही, हे तर २०१७ च्या कायद्यानंच सांगितलं. कागद चांगले आहेत. त्यांना आत नेणारी माणसं थोडी आहेत.

आता श्रद्धेचं. संशोधक तुरुंगात जातो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं: आकडा. प्रचारक जातो तेव्हा त्यालाही काही हवं असतं: माणूस. मी दोन्हीकडची असल्यानं दोन्ही हाव मला ओळखता येतात. कोंडलेला, घाबरलेला, घरच्यांनी टाकलेला माणूस दोघांनाही सोपा सापडतो. साबणासाठी जसा तो माहिती देईल, तसा मायेच्या शब्दासाठी तो डोळे मिटून हात जोडेल. म्हणून प्रश्नावली हातात असताना मी प्रभूचं नाव काढत नाही. एका म्हाताऱ्या पक्क्या कैद्यानं मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही ख्रिस्ती ना? माझ्यासाठी प्रार्थना करता का?" मी हो म्हटलं, आणि घरी केली. त्याच्या समोर, शिपायाच्या देखत, माझ्या ओळखपत्राच्या जोरावर केली नाही. आमच्या पाळकसाहेबांना हे फार अळणी वाटतं. ते म्हणाले, "संधी होती, बेटा." मला वाटतं, जिथं समोरचा उठून जाऊ शकत नाही तिथं संधी या शब्दाची लाज वाटायला हवी.

आणि मत्तयाचा तो अध्याय नीट वाचला तर माझ्या बाजूचाच निघतो. ज्यांना राजा जवळ करतो, ते गोंधळून विचारतात की आम्ही तुला कधी भेटायला आलो. आपण कुणाला भेटत होतो याची त्यांना कल्पनाच नव्हती. तुरुंगातल्या माणसापलीकडे त्यांना काही नको होतं. मला यात भक्तीचा सगळ्यात कठीण धडा दिसतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आहे. पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकतात, पाय खोड्यात अडकवतात. रात्री भूकंप होतो, दारं उघडतात, आणि पहाटेच्या आत तोच तुरुंगाधिकारी त्यांच्या जखमा धुतो. प्रवचनांत या गोष्टीतलं तुरुंगाधिकाऱ्याचं तारण गाजतं. जखमा धुतल्याचं वाक्य घाईनं ओलांडलं जातं. मला तेच वाक्य कामाचं वाटतं. कारण तुरुंगातला पहिला आरोग्यसेवक शिपाई असतो. रात्रीची हाक तो ऐकतो. सोंग करतोय की खरंच दुखतंय हे तो ठरवतो. अपुरी झोप, जादा ड्यूटी, तीच कोंदट हवा त्याच्याही वाट्याला असते. आमच्या पाहणीत शेवटी आम्ही शिपायांनाही खोकल्याचा प्रश्न विचारला. त्यांनाही नाही म्हणण्याची मुभा होती, आणि काहींनी ती वापरली.

या कामात पूर्वज शोधायचा तर मी जॉन हॉवर्डला मान देते. १७७३ मध्ये हा धर्मनिष्ठ इंग्रज बेडफर्डशायरचा शेरीफ झाला आणि त्याला दिसलं की निर्दोष सुटलेली माणसंही जेलरची फी देता येत नाही म्हणून आत सडताहेत. तो घोड्यावर बसून तुरुंग हिंडला. खोल्यांची मापं घेतली, भाकरीचं वजन केलं, पाणी कुठून येतं ते पाहिलं. अंगाला इतका वास यायचा की बंद गाडीत बसवत नसे. टिपणवहीची पानं शेकोटीपुढे धरावी लागत. फाशीपेक्षा तुरुंगातल्या तापानं जास्त माणसं मरतात, हे त्यानं मोजून सांगितलं. १७७४ मध्ये पार्लमेंटनं तुरुंगांच्या भिंती दर वर्षी चुन्यानं रंगवाव्यात, आजाऱ्यांना वेगळ्या खोल्या द्याव्यात, डॉक्टर नेमावा असा कायदा केला. १७७७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. १७९० मध्ये खेरसोनला तापानंच तो गेला. त्यानं कुणाच्या शरीरावर प्रयोग केला नाही. जे समोर होतं ते मोजलं आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांच्यापुढे ठेवलं.

आपल्याकडच्या दोन बंद्यांच्या आजाराच्या नोंदी मी शेजारी शेजारी ठेवते. येरवड्याला शिक्षा भोगत असलेल्या गांधीजींना १९२४ च्या जानेवारीत अपेंडिसायटिस झाला. त्यांना ससून रुग्णालयात हलवलं. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. आधी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून त्यांच्या साक्षीनं बंद्याची लेखी संमती घेतली. शस्त्रक्रिया चालू असताना वीज गेली आणि ती कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडलं. परक्या सरकारलाही त्या बंद्याच्या सहीची गरज भासली, कारण बाहेर सारा देश कान लावून बसला होता.

दुसरी नोंद फादर स्टॅन स्वामी यांची. जेझुइट धर्मगुरू. झारखंडच्या तुरुंगांत नक्षलवादी म्हणून ठेवलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा अभ्यास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते स्वतः तळोजाच्या तुरुंगात कच्चे कैदी झाले. वय त्र्याऐंशी, कंपवात, हातात पेला धरवत नसे. स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारीख पडली. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयापुढे व्हिडिओवरून त्यांनी सरकारी रुग्णालयात जायला नकार दिला. त्यांना रांचीला आपल्या माणसांत जायचं होतं. पुढे न्यायालयानं त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायची परवानगी दिली. ५ जुलैला, जामिनाचा अर्ज प्रलंबित असताना, ते तिथंच गेले. आरोप खरे की खोटे हे ठरवणं न्यायालयाचं काम होतं. त्याला वेळ मिळाला नाही. मी त्यांच्याकडे बंद्यांना प्रश्न विचारणारा ख्रिस्ती अभ्यासक म्हणून पाहते, आणि माझ्या कामाला सुरक्षित समाजसेवा म्हणायचं धाडस होत नाही.

आत्याला मी काय उत्तर दिलं ते सांगते. ज्यांनी वाटोळं केलं ते कोण हे अजून ठरायचं आहे, चारांतल्या तिघांचं तरी. ज्यांचं ठरलं त्यांना न्यायालयानं कोठडी दिली, क्षय दिला नाही. निकालपत्रात वर्षं लिहिलेली असतात. फुप्फुसं, दात, झोप यांचा उल्लेख नसतो. आणि यांतले बहुतेक जण एक दिवस एसटीत आपल्या शेजारच्या सीटवर बसणार आहेत. तिनं ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाली नाही. तो तिचा हक्क.

तुम्ही डॉक्टर असाल, परिचारिका असाल, सामाजिक कार्याचे विद्यार्थी असाल किंवा रविवारी मंडळीत शेवटच्या बाकावर बसणारे असाल, तुमच्याही जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात तुरुंग आहे. तिथं त्वचेचा डॉक्टर हवा असतो, दाताचा हवा असतो, सुटलेल्या माणसाच्या गोळ्या त्याच्या गावापर्यंत पोचल्या का हे विचारणारा हवा असतो. जा. नाताळाची वाट पाहू नका. जे मोजाल ते खरं मोजा आणि ज्यांचं मोजलं त्यांना आधी सांगा. आणि आतल्या कुणी तुमचा कागद, तुमचं औषध किंवा तुमची प्रार्थना नाकारली, तर त्याला नाकारू द्या. तुरुंगात त्याच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरलेलं असतं. त्यात हा नकार येतो.